द्रवस्फटिकांचे अभ्यासक : प्रा. शिवरामकृष्ण चंद्रशेखर

थोर पुरुषांच्या नामावळीत एकाच नावाचे दोन पुरुष असले म्हणजे एकाची कीर्ती दुसऱ्यास झाकून टाकते, असा अनुभव पुष्कळदा येतो. चंद्रशेखर हे नाव उच्चारताच विद्यार्थ्यांस ताऱ्यांच्या अंतकाळाचे गणित मांडणारे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आठवतात. इ. स. १९८३ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांचे नाव घरोघर पोहोचले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने दुसऱ्या एका चंद्रशेखरांस आपले सभासदत्व दिले. परंतु ती वार्ता फारशा कोणाच्या कानी गेली नाही. दोघेही सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे जवळचे आप्त. पहिले रामन यांच्या वडील बंधूंचे चिरंजीव, म्हणजे पुतणे. दुसरे त्यांच्या भगिनीचे चिरंजीव, म्हणजे भाचे. इंग्रजीत ह्या दोन्ही नात्यांस एकच शब्द असल्यामुळे परदेशी ग्रंथ वाचताना घोटाळा होतो. मराठी वाचकांचा तो होण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखी आम्हांस सांगावयाचे आहे ते ह्या भाच्या चंद्रशेखरांविषयी. त्यांचे पूर्ण नाव शिवरामकृष्ण चंद्रशेखर.

त्यांचे चरित्र निवडण्यास आणखी एक कारण आहे. हे गृहस्थ जन्माने कलकत्त्याचे, घराण्याने तामीळ व कर्माने म्हैसूर-बंगळुरचे. तथापि त्यांच्या विद्येवर शिक्का आहे तो आपल्या नागपूर विद्यापीठाचा. आज वाशीम हा स्वतंत्र जिल्हा आहे. तो १९९८ साली अकोल्यातून निराळा झाला. ज्या काळी चंद्रशेखर नागपुरास शिकत होते त्या काळी वाशीम हा अकोला जिल्ह्यातील एक तालुका होता, आणि वऱ्हाडातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाच्याच छायेखाली होती. अमरावतीचे विद्यापीठ १९८३ साली झाले, तोपर्यंत ही व्यवस्था चालली. तेव्हा आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या आजोबांनी ज्या विद्यापीठाची पदवी घेतली त्याच विद्यापीठाचे हे पदवीधर होत. इतके जवळचे नाते असता त्यांचे नाव आपल्याकडे अपरिचित राहावे, हे आम्हांस बरे वाटत नाही.

चंद्रशेखर यांचा जन्म ता. ६ ऑगस्ट १९३० रोजी झाला. इ. स. १९५१ मध्ये पदार्थविज्ञान हा विषय घेऊन ते नागपूर विद्यापीठाच्या एम. एस्‌सी. परीक्षेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. मामा रामन यांनी बंगळूर येथे १९४८ साली स्वतःची संशोधन संस्था काढली होती. तेथे ते शिष्य म्हणून दाखल झाले. मामाच्या हाताखाली शिकणे हे सुखाचे काम असते अशी कोणाची समजूत असेल तर ती खरी नव्हे. रामन यांचा दरारा मोठा, कामाची अपेक्षा त्याहून मोठी, आणि नात्यागोत्याची सवलत तेथे नव्हती. गारगोटीसारख्या स्फटिकांतून जाताना प्रकाशाच्या कंपनाची पातळी वळते, व हे वळणे रंगारंगाप्रमाणे कमीअधिक होते. ह्या विषयावर चंद्रशेखर यांनी प्रयोग व गणित दोन्ही केले, आणि १९५४ साली नागपूर विद्यापीठाने त्यांस डी. एस्‌सी. ही पदवी दिली. त्या वेळी त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते.

पुढे शिष्यवृत्ती मिळून ते केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गेले. क्ष-किरण व न्यूट्रॉन यांचे झोत स्फटिकातून जाताना क्षीण होतात. त्यामुळे मापनात जी चूक शिरते ती कशी दुरुस्त करावी, हा तेथील त्यांचा विषय. त्यावर त्यांस दुसरी डॉक्टरेट मिळाली. नंतर काही काळ त्यांनी लंडनमध्ये काम केले. इ. स. १९६१ मध्ये म्हैसूर विद्यापीठाने पदार्थविज्ञानाचा नवा विभाग उघडला आणि त्याचे पहिले प्रमुख म्हणून चंद्रशेखर स्वदेशी परतले. वय एकतीस, हाती दोन देशांच्या डॉक्टरेट पदव्या, आणि समोर रिकाम्या खोल्या!

येथून त्यांच्या आयुष्यातील खऱ्या धाडसास प्रारंभ होतो. स्फटिकांचे जे शास्त्र त्यांस उत्तम अवगत होते त्यातच राहून जन्मभर प्रतिष्ठा मिळविणे त्यांस कठीण नव्हते. परंतु त्यांनी हाती घेतला तो विषय त्या काळी अर्ध्याअधिक पंडितांनी अडगळीत टाकलेला होता. तो विषय म्हणजे द्रवस्फटिक.

द्रवस्फटिक म्हणजे काय, हे सांगितल्यावाचून पुढील कथा समजणार नाही. इ. स. १८८८ मध्ये फ्रीडरिख रायनिट्झर नामक वनस्पतिशास्त्रज्ञास गाजरापासून मिळालेल्या एका पदार्थाचा चमत्कार दिसला. तो पदार्थ १४५ अंशांच्या सुमारास वितळला, पण वितळून गढूळ राहिला. पुढे १७८ अंशांच्या सुमारास तो एकाएकी नितळ झाला. जणू त्यास दोन वितळबिंदू होते. ऑटो लेहमान यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून असे ठरविले की, मधल्या अवस्थेत हा पदार्थ पाण्यासारखा वाहतो, परंतु प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. त्यातील लांबट रेणू नदीत सोडलेल्या ओंडक्यांप्रमाणे जागा बदलीत वाहतात, मात्र सर्वांची तोंडे बहुधा एकाच दिशेस असतात. पुष्कळ वर्षे विद्वानांनी ह्यावर वाद घातला, काही काळ कुतूहल बाळगले, आणि मग बहुतेकांनी विषय सोडून दिला.

त्याचे भाग्य उजळले ते १९६८ नंतर. अमेरिकेत जॉर्ज हाइलमायर यांनी द्रवस्फटिकांचा आकडे दाखविणारा पडदा लोकांपुढे आणला. १९७१ साली स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाड्ट व वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी त्याहून उत्तम युक्ती प्रसिद्ध केली. ती युक्ती अशी. दोन काचांच्या फटीत द्रवस्फटिक भरावयाचा. वरच्या काचेवर रेणू पूर्वपश्चिम निजलेले, खालच्या काचेवर दक्षिणोत्तर. मधले रेणू जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे हळूहळू वळत गेलेले. ध्रुवित प्रकाश ह्या जिन्यावरून उतरताना स्वतःही काटकोनात वळतो व पलीकडच्या गाळणीतून बाहेर पडतो. आता काचांस विद्युद्दाब दिला की निजलेले रेणू उठून उभे राहतात, जिना मोडतो, प्रकाश वळत नाही, आणि तेवढी जागा काळी दिसते. वाशीमच्या बाजारात हळदीचा किंवा सोयाबीनचा हिशेब करणाऱ्या व्यापाऱ्याच्या गणकयंत्रावर जे काळे आकडे उमटतात ते ह्याच रीतीने. पुष्कळशा संगणकांचे व दूरचित्रवाणी संचांचे पडदेही ह्याच तत्त्वावर चालतात; तेथे आकड्यांच्या जागी लक्षावधी बारीक झडपा असतात, एवढाच भेद.

झडप आली की तिच्या उघडझापीच्या वेगाचा प्रश्न आला. पडद्यावर चेंडू धावताना त्याच्या मागे छायेची शेपटी उमटू नये असे वाटत असेल तर प्रत्येक झडपेने सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आत आपले काम पुरे केले पाहिजे. आरंभीच्या पडद्यांस हे साधत नव्हते. का, हे समजण्यासाठी एक दाखला घेऊ. काकवीने भरलेल्या घंगाळात बांबूची एक कांबट उभी रोवली आहे असे समजा. हाताने ती वाकवावयाची तर जितका जोर लावाल तितकी ती लवकर वाकेल; पण हात सोडल्यावर ती परत येते ती स्वतःच्या ताकदीने, आणि काकवी तिला अडवीत असते. तेथे आपला जोर काही कामाचा नाही. द्रवस्फटिकाचे तसेच आहे. रेणूंना उठविण्याचे काम विद्युद्दाब करतो, व दाब वाढविला की ते झपाट्याने होते. परंतु दाब काढून घेतल्यावर त्यांनी पुन्हा निजावे हे त्यांच्या आपसांतील लवचीकपणावरच अवलंबून असते, आणि द्रवाचा चिकटपणा त्यास विरोध करतो. म्हणून उठण्यापेक्षा निजण्यास वेळ अधिक. (मुलांचे नेमके उलट असते, असे काही पालक म्हणतील!)

यावरून वेग वाढविण्याचे मार्ग स्पष्ट होतात. द्रव पातळ असावा. थंडीत तो घट्ट होतो, म्हणूनच कडाक्याच्या हिमप्रदेशात अशा पडद्यावरील आकडे रेंगाळतात. फट अरुंद असावी. कारण निजण्यास लागणारा वेळ फटीच्या रुंदीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे फट निम्मी केली तर वेळ चौथाईवर येतो. आजकाल ही फट काही थोड्या मायक्रोमीटरांची, माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही पुष्कळदा कमी असते. आणखी एक तोड अशी की, झडप अर्धवटच उघडावयाची असली तरी क्षणभर गरजेहून अधिक दाब देऊन तिला धक्का द्यावयाचा व लगेच तो योग्य त्या ठिकाणी आणावयाचा. पण ह्या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एक प्रश्न उरतोच. विद्युत्क्षेत्राची रेणूंवर पकड किती बसते? ही पकड ढिली असेल तर दाब वाढवावा लागतो, आणि घड्याळातील इवल्याशा विद्युत्घटास ते परवडत नाही.

ह्या ठिकाणी आमच्या चरित्रनायकाचे काम उपयोगी पडते. म्हैसुरास त्यांनी प्रथम पीळदार द्रवस्फटिकांच्या रंगांचे गणित मांडले. केंब्रिजमध्ये क्ष-किरणांसाठी जे शिकले होते तेच त्यांनी येथे दृश्य प्रकाशास लावले. स्फटिकातील अणूंच्या थरांच्या जागी द्रवातील पिळाचे वेढे घेतले. एका विद्येचे शेत नांगरताना दुसऱ्या शेतासाठी बी जमते, ते असे. इ. स. १९७१ मध्ये, रामन निवर्तल्याच्या पुढच्याच वर्षी, ते बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभारण्यास आले. तेथे त्यांनी रसायनशास्त्रज्ञ व पदार्थविज्ञानी एकाच छपराखाली बसविले. नवा पदार्थ एका खोलीत तयार व्हावा व दुसऱ्या खोलीत तो तपासला जावा, ही सोय त्या काळी आपल्या देशात दुर्मीळच होती.

त्या सुमारास इंग्लंडात जॉर्ज ग्रे यांनी साध्या हवेच्या उष्णतेत टिकणारे नवे द्रवस्फटिक निर्माण केले होते. त्यांच्या रेणूच्या एका टोकास विद्युतदृष्ट्या फार बलवान असा गट असतो, त्यामुळे विद्युत्क्षेत्राची पकड त्यावर चांगली बसते. परंतु हिशेबाने जितकी बसावी तितकी ती बसत नव्हती. एन. व्ही. मधुसूदन व चंद्रशेखर यांनी १९७३ साली याचे कारण दाखविले. लग्नघरी एकाच सतरंजीवर पुष्कळ पोरे निजवावयाची असली म्हणजे एकाचे डोके दुसऱ्याच्या पायांकडे करून निजवितात. हे रेणूही शेजाऱ्याशी तसेच उलटसुलट निजतात. एकाचे बलवान टोक दुसऱ्याच्या दुर्बल टोकापाशी येते, आणि दोघांचे बळ आपसांत बरेचसे खर्ची पडते. पुढे इंग्लंडात क्ष-किरणांनी पाहिले तेव्हा थरांतील अंतर एका रेणूच्या लांबीच्या सुमारे १.४ पट भरले. एकेकटे रेणू असते तर ते एक पट भरावयास हवे होते. पडद्यांसाठी मिश्रणे बनविणाऱ्यांस ह्या ज्ञानावाचून पुढे पाऊल टाकता आले नसते. ज्याला कोणी निव्वळ पुस्तकी चौकशी म्हणेल ती अशी थेट यंत्राच्या काट्यापर्यंत जाऊन पोहोचते.

त्याच १९७३ सालच्या डिसेंबरात बंगळुरास द्रवस्फटिकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दहा वर्षांपूर्वी ज्या देशात ह्या विषयाची प्रयोगशाळा धुंडूनही फारशी सापडली नसती त्या देशात जगातील पंडित येऊन बसले, ही गोष्ट लहान नव्हे.

आता त्यांच्या सर्वांत मोठ्या शोधाकडे वळू. रायनिट्झर यांच्यापासून जवळजवळ नव्वद वर्षे सर्वांची अशी धारणा होती की, एकाच शुद्ध पदार्थाचा द्रवस्फटिक व्हावयाचा तर त्याचे रेणू काठीसारखे लांबट असले पाहिजेत. हजारो पदार्थ तयार झाले, ते सारे त्याच साच्याचे. चंद्रशेखर यांनी विचार केला की काठीऐवजी चकती घेतली तर काय होईल? बी. के. सदाशिव व के. ए. सुरेश ह्या सहकाऱ्यांसमवेत त्यांनी बेंझिनच्या षट्कोनी कड्यास सहाही बाजूंनी लांब शेपट्या जोडलेले पदार्थ तयार केले व तपासले. भाकरींची चवड रचावी तशा ह्या चकत्या एकीवर एक बसून त्यांचे स्तंभ झाले. स्तंभ शेजारी शेजारी मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे नेटकेपणाने उभे. पण स्तंभाच्या आतील चकत्यांमध्ये अंतराचा कडक नियम नाही, तेथे द्रवाचा सैलपणा. घन व द्रव यांचे असे मिश्रण शुद्ध पदार्थात पूर्वी कोणी पाहिले नव्हते.

हा निबंध १९७७ साली प्रसिद्ध झाला, आणि कोठे प्रसिद्ध झाला हे आवर्जून सांगितले पाहिजे. विलायतेतील एखाद्या नामांकित नियतकालिकाकडे तो सहज धाडता आला असता. चंद्रशेखर यांनी तो दिला बंगळुरास निघणाऱ्या ‘प्रमाण’ ह्या भारतीय नियतकालिकास. यात धोका होता. परदेशी विद्वानांनी तो वाचलाच नाही तर? दुसऱ्या कोणी तोच शोध आपल्या नावे मांडला तर? परंतु शोध नवा होता, तो वाचला गेला. आणि पुढे फ्रान्स, जर्मनी, जपान व इतर देशांतील प्रयोगशाळांतून चकतीच्या आकाराचे शेकडो पदार्थ तयार झाले. भारतातून निघालेल्या व जगाने वारंवार आधारास घेतलेल्या निबंधांत त्याची गणना होते. उत्तम काम उत्तम ठरण्यासाठी ते परक्या दारातूनच बाहेर पडले पाहिजे असे नाही, ह्याचे हे उदाहरण आम्हांस त्या शोधाइतकेच मोलाचे वाटते.

त्याच वर्षी त्यांचा ‘लिक्विड क्रिस्टल्स’ हा ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाने छापला. तो पुढे रशियन व जपानी भाषांत गेला आणि १९९२ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. ज्या जपानात द्रवस्फटिकांच्या पडद्यांचे प्रचंड कारखाने उभे राहिले तेथील विद्यार्थी नागपूरच्या ह्या पदवीधराचे पुस्तक वाचून तयार होत होते. कारखाने मात्र तिकडे झाले, इकडे फारसे झाले नाहीत. ह्याचा दोष एकट्या शास्त्रज्ञावर कोण ठेवील?

उघडझापीच्या वेगाचा प्रश्न इतरत्रही जोराने चालू होता. इ. स. १९८० मध्ये नोएल क्लार्क व स्वेन लागरवाल यांनी अशा जातीचे द्रवस्फटिक वापरले की ज्यांत स्वतःचेच विद्युत्ध्रुवण असते. त्यांस उठविणे व निजविणे ही दोन्ही कामे विद्युद्दाबच करतो. कांबट सोडून देऊन वाट पाहण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि उघडझाप मिलिसेकंदांवरून मायक्रोसेकंदांवर आली. परंतु ही जात नाजूक; धक्का बसला की तिची रचना विसकटते, व फट सुमारे एका मायक्रोमीटराची राखणे कारखान्यास अवघड जाते. म्हणून साध्या पडद्यांत जुनी जिन्याची युक्तीच टिकून राहिली. ती पुरेशी वेगवान करता येत होती. पण तिच्यात एक वैगुण्य होते. पडद्याकडे तिरपे पाहिले की चित्र फिके किंवा उलटे दिसे. हे वैगुण्य काढले कोणी? चंद्रशेखर यांच्या चकत्यांनी! प्रकाशावर काठ्यांचा जो परिणाम होतो त्याच्या उलट परिणाम चकत्यांचा होतो. तेव्हा चकत्यांच्या रेणूंचा पातळ पापुद्रा पडद्यावर बसविला की काठ्यांनी केलेला बिघाड बराचसा भरून निघतो. फुजी ह्या जपानी कंपनीने असे पापुद्रे १९९० नंतरच्या दशकात बाजारात आणले, आणि ते पुष्कळ पडद्यांत बसले.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. त्यांची यादी देऊन जागा अडविण्याची आमची इच्छा नाही. रॉयल सोसायटीचे रॉयल पदक १९९४ साली व पद्मभूषण १९९८ साली मिळाले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. त्या घराण्याला शास्त्राचे देणेच होते म्हणावयाचे. त्यांचे बंधू पंचरत्नम् हेही प्रकाशशास्त्राचे असामान्य अभ्यासक. १९५६ साली त्यांनी दाखविलेला ध्रुवित प्रकाशाचा एक सूक्ष्म गुण आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ते १९६९ साली अवघ्या पस्तिसाव्या वर्षी ऑक्सफर्ड येथे वारले.

चंद्रशेखर १९९० साली निवृत्त झाले. साठी उलटल्यावर माणूस सत्कारांच्या सभांत रमतो. ह्यांनी नवी संस्था काढली. भारत इलेक्ट्रॉनिक्स ह्या सरकारी कंपनीने बंगळूरच्या जालहळ्ळी भागात इमारत दिली आणि तेथे १९९१ साली द्रवस्फटिक संशोधन केंद्र सुरू झाले. पडदे बनविणारा कारखाना व पदार्थ समजून घेणारी प्रयोगशाळा एकमेकांच्या शेजारी असाव्यात, हा त्यातील हेतू. शेवटपर्यंत ते तेथेच काम करीत राहिले. इ. स. २००४ च्या मार्च महिन्यात, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, बंगळुरास त्यांचे देहावसान झाले. ते केंद्र आज नॅनो व मृदु पदार्थ विज्ञान केंद्र ह्या नावाने भारत सरकारच्या आश्रयाखाली चालू आहे, आणि द्रवस्फटिकांचा अभ्यास तेथे अद्यापि होतो.